शकुनाचा डोळा

माझा उजवा डोळा जगाकडे बघतो आणि डावा माझ्याच नाकाकडे. समजायला लागल्यापासून ही वाटणी अशीच चालत आलेली आहे आणि मी साठीला टेकले तरी दोघांत समेट झालेला नाही. डॉक्टर याला तिरळेपणा म्हणतात, शाळेतली पोरं चकणी म्हणायची आणि आमच्या घरात याला लक्ष्मी म्हणायचे. चकणी म्हणणाऱ्या पोरांना मी दगड मारलेले आहेत, अर्थातच एकही लागला नाही. डॉक्टरांशी माझं काही भांडण नाही. पण लक्ष्मी म्हणणाऱ्यांनी माझी जी वाट लावली ती आता सांगून टाकते, कारण ऐकून ज्यांना राग आला असता अशी माणसं फारशी उरलेली नाहीत.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहायचो, लेण्यांच्या अलीकडे, एका तीन मजली इमारतीत. बाहेर लांबलचक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ आणि नळाजवळ कायम कुणाचं ना कुणाचं भांडण. आमच्या दीड खोलीत आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आजोबा गिरणीत होते. बाबा गिरणीत न जाता अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर झाले, त्यामुळे आपण आता मध्यमवर्गीय झालो असा आमच्याकडे समज होता. सकाळी आई दूध केंद्रावरून बाटल्या आणायची. त्यांची किणकिण जिन्यातून वर येईपर्यंत बाबांचं खाकरून झालेलं असायचं, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज सुरू व्हायचा आणि या सगळ्याच्या वर आत्याचा आवाज. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं. अंगानं काटक, नाकात चमकी, डोक्यावर चापूनचोपून बसवलेला अंबाडा, आणि घराची खरी मालकीण. बांगडे तीच आणायची, कोळणीशी हुज्जत तीच घालायची, तिरफळं घालून तिखलं तीच करायची आणि कुणाच्या ताटात किती पडायचं हेही तीच ठरवायची. आईनं त्या घरात जो संसार केला तो आत्याच्या परवानगीनं केला. बांगड्याचं तसं तिखलं मी त्यानंतर कुठे खाल्लेलं नाही, हेही इथेच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे त्याला कुणी निव्वळ दुस्वास म्हणायला नको. आणि हो, आत्याचाही डावा डोळा नाकाकडेच बघायचा.

माझा डोळा वळतोय हे मी पाळण्यात असतानाच आईच्या लक्षात आलं म्हणे, आणि ती घाबरली. नेमकं त्याच आठवड्यात बाबांना नोकरीत कायम केल्याचं कळलं. कारखान्याच्या साहेबानं आमच्या पाळण्यात डोकावून मग कागदावर सही केली असेल असं समजण्याचं काही कारण नव्हतं, पण आत्यानं तेवढ्यावर निकाल देऊन टाकला, की पोरीच्या नजरेत लक्ष्मी आहे. किंचित तिरळी नजर भाग्याची असते असं आपल्याकडे पुष्कळ घरांत मानतात. आमच्याकडे ती किंचित नव्हती, चांगली भरघोस होती, म्हणून भाग्यही त्याच मापानं धरलं गेलं.

पुढे ही कीर्ती गॅलरीभर झाली. कुणाची नोकरीची मुलाखत असली, गॅसचा नंबर लागायचा असला, दहावीचा निकाल असला, की घराबाहेर पडताना आधी माझं तोंड बघायचं अशी रीतच पडून गेली. शेजारचे सावंतकाका टेलिफोनसाठी अर्ज करून बसले होते. ते चौकशीला निघाले की आधी आमच्या दाराशी यायचे आणि आत्या मला खोबरेल चोपडून, दोन घट्ट वेण्या घालून उंबऱ्यात उभी करायची. 'समोर बघ गो' म्हणायची, मी बघायचे, म्हणजे माझा एक डोळा बघायचा, आणि काका समाधानानं जिना उतरायचे. काम झालं तर पेढे यायचे, ते आत्याच्या हातात पडायचे. काम झालं नाही तर दोष त्या माणसाच्या नशिबाचा. ज्यात चूक कधीच आपली नसते अशी झकास नोकरी मला पुढे आयुष्यात मिळाली नाही. सावंतकाकांचा फोन मात्र मी लग्न होऊन गेले तरी आलेला नव्हता.

इतकी भाग्यवान मुलगी रोज किती वेळा आपटायची ते मात्र कुणी धरत नव्हतं. एका डोळ्यानं बघणाऱ्याला वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे ते कळत नाही. मी बशीत चहा ओतायला जायची आणि तो बशीच्या अलीकडे पडायचा. जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाऊल टाकायची नि ती संपलेली नसायची. चेंडू माझ्याकडे येतोय हे मला तो तोंडावर आपटल्यावर कळायचं, आणि पोरं मला झेल घ्यायला ठेवायची ती खास त्या करमणुकीसाठी. सुईत दोरा ओवणं तर सोडाच. वाचायला बसलं की थोड्या वेळानं कपाळात कळ यायची, मान आपोआप एका बाजूला वळायची आणि आई ओरडायची, नीट बस ना गं. चौथीच्या परीक्षेत तर बाईंनी माझा पेपर काढून घेतला. माझा उजवा डोळा बिचारा आपल्याच पेपरात बघत होता, पण बाईंना दिसला डावा, आणि त्यांनी ठरवलं की तो शेजारच्या मुलीच्या उत्तरात बघतोय. त्या डोळ्याला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. नजर चोरून कॉपी करणारी म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं, त्याच बाई त्यांच्या भावाची बँकेत मुलाखत होती तेव्हा मला बघायला त्याला घेऊन आल्या होत्या.

मागच्या वर्षी नातवानं मला हट्टानं थ्रीडी सिनेमाला नेलं. सगळ्यांना काळे चष्मे वाटले. पडद्यावरून काहीतरी अंगावर आलं असावं, कारण अख्खं थिएटर किंचाळत खाली वाकलं. मी एकटी ताठ बसून पॉपकॉर्न खात होते. "आजी, तू किती डेरिंगबाज आहेस," नातू म्हणाला. मी त्याला सांगितलं नाही, की ज्याला खोलीच दिसत नाही त्याला घाबरायचंही कारण पडत नाही. मॉलमधल्या सरकत्या जिन्याशी मी अजून दोन्ही हातांनी कठडा धरून उभी असते आणि मागची माणसं च्च च्च करत असतात, ते त्यानं बघितलेलं आहे, पण त्याचा सिनेमाशी संबंध त्याच्या अजून लक्षात आलेला नाही.

तर आता पट्टीचं. मी पहिलीत असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली आणि त्यांनी आईला सांगितलं, हिला ताबडतोब दाखवा. आईनं आयुष्यात आत्याच्या विरुद्ध जी मोजकी कामं केली त्यातलं हे पहिलं. ती मला अंधेरीच्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं चष्मा दिला आणि सांगितलं, रोज शाळेतून आल्यावर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे वाकडा डोळा नाइलाजानं काम करायला लागेल. आई घरी आली, कापूस, गॉज आणि चिकटपट्टी घेऊन तिनं माझा उजवा डोळा बंद केला आणि माझं जग धुक्यात गेलं. पहिल्या संध्याकाळी मी पाण्याची कळशी लवंडली, दुसऱ्या संध्याकाळी कुळथाच्या पिठीच्या टोपात हात घातला आणि भाजून घेतला. मी भोकाड पसरलं, ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. आत्यानं माझा हात तेलात बुडवला नि आईला जाब विचारला, की चांगला डोळा बांधून पोर आंधळी करायची ही कुठली रीत? आजारी माणसाला आपण निजवतो की पाणी भरायला पाठवतो? मग आजारी डोळा झाकायचा सोडून धडधाकट डोळा झाकायला सांगणारा डॉक्टर शिकलेला तरी आहे काय? त्यातून तो डोळा लक्ष्मीचा, त्याला असं राबवलं तर घरात काय उरेल?

आता यावर काही उत्तर होतं असं वाटत असेल तर त्या खोलीत येऊन बसा. बाबा कारखान्यातून दमून आले होते, पोरगी रडायची थांबली पाहिजे एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि आत्याचं म्हणणं ऐकायला कसं अगदी पटण्यासारखं होतं. तिनं पट्टी सोडली, उजव्या डोळ्यावरून काढून डाव्यावर लावली, आणि खरंच, मी रडायची थांबले. का थांबणार नाही? ज्या डोळ्यानं मी बघतच नव्हते तो झाकला काय नि उघडा राहिला काय. सगळ्यांना वाटलं, गुण आला. महिन्यानं दाखवायला या असं डॉक्टर म्हणाला होता, पण बाबांना रजा नव्हती आणि गुण आलेलाच होता. वर्षभर रोज संध्याकाळी आत्या मोठ्या मायेनं माझा आजारी डोळा कापसाखाली निजवत होती. कुणी शकुनाला आलं तर तेवढ्यापुरती पट्टी वर करायची. वर्षानंतर पट्टी सुटली, ती कायमची.

मी आठवीत गेले तेव्हा घरात बेबी होती, माझी धाकटी बहीण, तीन वर्षांची, गोरी, गोल, दिवसभर बडबडणारी. माझ्या पाठीवर फार वर्षांनी झाली म्हणून सगळ्यांचा तिच्यावर जीव, माझा तर विचारूच नका. तिला मी कडेवर घेऊन गॅलरीभर मिरवायची, आणि तिच्या वजनानं माझा तोल आणखीच जायचा. एक दिवस जेवताना आत्यानं घास हातात थांबवला, बेबीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि जाहीर केलं, दुसरी लक्ष्मी आली. बेबीचा डावा डोळा नाकाकडे सरकायला लागला होता. त्या संध्याकाळी आत्यानं गॅलरीत घरोघर साखर वाटली. मीसुद्धा वाटायला गेले होते. माझ्यासारखीच दिसते गं, असं बायका म्हणाल्या, आणि मला खरं सांगायचं तर फार छान वाटलं.

त्याच दिवसांत शिवणाच्या बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं आणि तोंडावर सांगितलं, की तुमची मुलगी कापडाऐवजी स्वतःचं बोट शिवते, आधी हिचे डोळे बघा. आई पुन्हा मला त्याच दवाखान्यात घेऊन गेली. या वेळी डॉक्टर बाई होत्या, उंच, करड्या केसांच्या, घाई नसलेल्या. त्यांनी माझा उजवा डोळा हातानं झाकला आणि समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचायला सांगितलं. तिथे अक्षर आहे हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. मग त्यांनी जुनं काही केलं होतं का ते विचारलं, आणि आई उत्साहानं म्हणाली, हो हो, वर्षभर पट्टी लावली होती, एक दिवस चुकवला नाही.

"कुठल्या डोळ्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

मी डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

त्यांनी हातातली बॅटरी टेबलावर ठेवली. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. आजारी डोळ्याला आराम म्हणून, असं आई पुटपुटली. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, की डोळा आजारी नव्हताच. डोळा चांगला आहे, पण तो वाकडा बघतो म्हणून एका वस्तूच्या दोन दिसायला लागतात. मेंदूला दोन-दोन नको असतात, म्हणून तो वाकड्या डोळ्याचं ऐकायचंच सोडून देतो. लहानपणी चांगला डोळा झाकला की मेंदूला झक मारत दुसऱ्याचं ऐकावं लागतं आणि डोळा बघायला शिकतो. हे शिकायचं वय असतं, ते गेलं की गेलं. ऑपरेशननं पुढे हिचा डोळा सरळ दिसेल, पण त्याला दिसणार नाही. आई नुसती मान हलवत होती. मला तेव्हा रडू आलं नाही. मी हिशोब लावत बसले होते, की म्हणजे रोज संध्याकाळी इतक्या मायेनं जे चाललं होतं, ते मला एका डोळ्यानं आंधळी करणं चाललं होतं.

"घरात आणखी कोण लहान आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

परत येताना आई वाटेत पहिल्यांदाच आत्याबद्दल बोलली. आत्याला बघायला पाहुणे यायचे, तोंड बघायचे, कळवतो म्हणून जायचे आणि कळवायचे नाहीत. असं फार वेळा झाल्यावर आजोबांनी एक दिवस तिला जवळ बसवून सांगितलं, की तुझ्या नजरेत लक्ष्मी आहे, घरातली लक्ष्मी बाहेर द्यायची नसते, म्हणून मीच सगळ्यांना नकार कळवतोय. आत्यानं ते धरलं ते धरलंच. "दुसरं काय होतं तिच्याकडे धरायला?" आई म्हणाली. मला तेव्हा या गोष्टीची दया वगैरे काही आली नाही. आजोबांनी एका पोरीची समजूत घातली आणि तिचं बिल माझ्या डोळ्यावर फाडलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या आठवड्यात आईनं बेबीला दवाखान्यात नेलं आणि ती इवलासा चष्मा नि पट्टी घेऊन परत आली. पट्टी चांगल्या डोळ्यावर, रोज दुपारी. बेबीनं माझ्यापेक्षा वरचढ भोकाड पसरलं. भिंतीला आपटली, माझ्या पायात अडखळली, पट्टी ओरबाडायला लागली. मी तिचे हात धरून बसले होते आणि मलाही रडू येत होतं, कारण तिला काय दिसत नाहीये ते त्या घरात फक्त मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. आई नळावर होती, बाबा कामावर. आत्या खिडकीशी सुपात तांदूळ निवडत बसली होती. थोडा वेळ तिनं सहन केलं. मग सूप खाली ठेवून उठली, बेबीला माझ्याकडून ओढून घेतलं आणि टर्रकन पट्टी काढली.

"पोरीक आंधळी करूक बसलात काय? चांगल्या डोळ्याक कोण पट्टी लावता?"

रागावली की आत्या मालवणीवर यायची आणि मग तिच्यापुढे बाबाही बोलत नसत. मी तिच्या हातातली पट्टी हिसकावून घेतली, चिकटपट्टीचा चिकटपणा अजून शाबूत होता, आणि ती सरळ आत्याच्या उजव्या डोळ्यावर थापली. का आणि कुठून सुचलं मला ठाऊक नाही. आता कानाखाली बसणार म्हणून मी मान खाली घातली होती, पण तोंड चालूच होतं.

"निवड आता तांदूळ," मी म्हणाले.

ती हसली आधी. वेडी काय गो तू, असं काहीतरी म्हणाली आणि मला धडा शिकवायचा म्हणून सूप मांडीवर घेऊन बसली. तांदूळ पसरले. बघितलं. तोंड थोडं खाली नेलं, आणखी खाली नेलं, नाक सुपाला टेकेपर्यंत नेलं. मग बोटांनी चाचपायला लागली. चाचपून एक दाणा उचलला, तळहातावर ठेवला आणि हा बघ खडा, अशा थाटात माझ्यापुढे धरला. तो तांदूळ होता. बेबीला काय कळतंय, ती आपली म्हणाली, "आत्या, हा तर भात आहे ना." आत्या हात तसाच धरून बसली. मला वाटलं होतं की जिंकल्यावर बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

"ह्या डोळ्यान माका कधीच नीट दिसला नाय गो," ती म्हणाली. "कोणी इचारलाच नाय."

तिनं पट्टी अलगद सोडली. सोडताना तिच्या भुवईचे चार केस उपटले गेले, तरी तिनं तोंडातून आवाज काढला नाही. उठून मोरीत गेली, तोंड धुतलं आणि चहाला आधण ठेवलं. त्या दिवशी ती कुणाशीच बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणून घाबरून बाबाही कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापूस आणि गॉज तिनंच काढलं. बेबीच्या उजव्या डोळ्यावर तिनंच पट्टी लावली, वर चष्मा चढवला, तिला पुढ्यात घेऊन बसली आणि सूप ओढलं. बेबीनं भोकाड पसरल्यावर आत्या म्हणाली, रड, पण रडत रडत खडे शोध. मोठे खडे तिनं स्वतः गॅलरीतून आणून तांदळात टाकले होते. दर खड्याला एक चुरमुरा. पुढे खडे लहान होत गेले, मग मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात ओवणं आलं, मग दगड काढलेली तूर पुन्हा एकदा तपासणं आलं. आत्याच्या हाताखाली काम करायचं म्हणजे चेष्टा नव्हती, त्या आळशी डोळ्यानं मुकाट्यानं कामाला लागण्यातच शहाणपण आहे हे ओळखलं असावं. गॅलरीतल्या बायका नाकं मुरडायच्या. लक्ष्मीला पट्टी बांधतात, अवलक्षणी कामं. सावंतकाका एकदा शकुनाला आले तर आत्यानं त्यांना दारातूनच सांगितलं, की पोरी अभ्यास करतायत, तुम्ही आपले असेच जा. ते गेले, आणि मला उंबऱ्यात उभं राहावं लागलं नाही म्हणून मी आत जाऊन एकटीच नाचले.

वर्षभरानं बेबीला तपासायला न्यायच्या एका फेरीला आईला ताप होता म्हणून मी निघाले, तर आत्या इरकली नेसून तयार. त्या दवाखान्यात तिनं तोवर पाऊल टाकलेलं नव्हतं. डॉक्टरांनी बेबीचा चांगला डोळा झाकलेलाच ठेवून समोर चित्रांचा तक्ता धरला. बेबीनं छत्री सांगितली, मासा सांगितला, आणि खालच्या ओळीतलं बारीकसं घरसुद्धा सांगितलं, वर त्याला दार नाही अशी तक्रार केली. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, छान चाललंय, सोडू नका. आम्ही उठलो. आत्या उठली नाही. तिनं बेबीचं स्टूल पुढे ओढलं, त्यावर बसली, आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बोट दाखवून विचारलं, आणि ह्येचा काय? त्या बाईंचं मी आयुष्यभर कौतुक करत आले आहे, की त्या हसल्या नाहीत आणि वयही काढलं नाही. त्यांनी आत्याला बेबीसारखंच नीट तपासलं, मग तिचा हात हातात घेऊन सांगितलं, की मावशी, याचं वय फार पूर्वी निघून गेलं. "बरा," आत्या म्हणाली. "इचारून ठेवलंय."

बस स्टॉपवर आम्ही तिघी उभ्या होतो. उन्हाची वेळ, रस्ता तापलेला, आत्यानं पदर डोक्यावरून घेतला होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

"माझ्या वेळाक डॉक्टर नव्हतो गो. तुझ्या वेळाक होतो. आड मी इलंय."

असू दे आत्या, आड आलीस तर आलीस, असं मी म्हणायला हवं होतं, असं ही गोष्ट ऐकलेल्या बहुतेकांनी मला नंतर सांगितलेलं आहे. सगळी फार समजूतदार माणसं, सगळ्यांना दोन-दोन डोळ्यांनी दिसतं. मी म्हटलं नाही, कारण असू द्यावं असं ते नव्हतंच. मला तिचा राग होता. अजून आहे. ती गेली तेव्हा मी घर डोक्यावर घेऊन रडले, तेव्हाही होता. त्या दिवशी मी फक्त तिच्या हातातली पिशवी माझ्याकडे घेतली आणि आम्ही दोघी रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. तिला रडू फुटलं होतं आणि मलाही, आणि ते एकमेकींना दाखवायचं नव्हतं. वाकड्या डोळ्यालाही पाणी सरळ डोळ्याइतकंच येतं. त्या एका कामात त्याला कुणी आळशी म्हणू शकणार नाही.

लांबून बस येताना दिसली. आपली आहे काय गो, आत्यानं विचारलं. मला पाण्यानं काही दिसत नव्हतं आणि तिलाही. मधे उभ्या असलेल्या बेबीनं चष्मा नाकावर वर ढकलला, पट्टी लावलेलं तोंड बसकडे वळवलं आणि पाटीवरचा नंबर एकेक आकडा करून मोठ्यानं वाचला.

"आपलीच आहे," ती म्हणाली. "चला ना दोघी."